तुरळक ठिकाणी

सोमवारी सकाळी ओल्या फडक्यानं फळा पुसतो
तेव्हा मागच्या आठवड्याचं आभाळ
पांढरं होऊन कोपरापर्यंत ओघळतं.
पाणीपट्टीची ओळ तेवढी ठेवायची,
ती कुठल्याच ऋतूत पुसायची नाही
असं ग्रामसेवकांनी बजावलंय.

मग मोबाइल डोळ्यांपाशी धरून उतरवतो :
कमाल छत्तीस. किमान एकोणीस.
आकाश निरभ्र राहील.
(भ्रची शेपूट काढताना खडू मोडतो, दर वेळी.)
गुरुवार ते शनिवार
जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता.

भोणखेड्याचं नाव त्यात कधीच नसतं.
तीनशे उंबरे, अनेरचं गुडघाभर पाणी,
एसटी आत येत नाही,
मोठ्या रस्त्यावर जाऊन हात दाखवावा लागतो.

हिलाल बापू काठी रोवून अख्खा फळा वाचतात,
मोठ्यानं, निकाल वाचावा तसा,
आणि माझ्याकडे वळतात :
“आपलं गाव तुरळक शे का रे भो?”

मी काय सांगणार. मी शिपाई.
वर जे येतं ते खाली लिहितो.

रशीद पिंजारी फक्त किमान बघतो.
अठराच्या खाली उतरलं की लोकांना गोधड्या आठवतात,
मग त्याच्या सायकलला गल्लीतून हाका येतात.
“एकोणीस,” तो म्हणतो, “अजून एक आकडा हाये,”
आणि पायडल उलटं फिरवत उभा राहतो.

दगा कुंभाराच्या अकरा हजार कच्च्या विटा उघड्यावर.
त्याला गुरुवार नको आहे.
देवमन अण्णांना गुरुवारच हवाय,
दादर पेरायला बोटभर ओल कमी पडतेय.
दोघं एकाच ओळीसमोर शेजारी शेजारी उभे,
तंबाखू एकाच्याच चंचीतली.

केवळबाईला वाचता येत नाही, ती वाचायला थांबतही नाही.
छत्तीस म्हणजे काय ते तिच्या मानेला ठाऊक,
दुपारी दोनला फुटलेला कापूस
ऊन खालून वर फेकतो.
जाता जाता एवढंच विचारते, “दहिवर पडी का?”
पहाटेचा कापूस वजनाला चढतो
आणि व्यापारी हात घालून तेवढाच कापतो.
दहिवराबद्दल मोबाइलमध्ये काही नसतं.

घरी बायको भिंतीवरचं कॅलेंडर दाखवते :
चित्रा नक्षत्र, वाहन उंदीर.
“उंदीर काय आणणार?” म्हणते,
आणि तिळाची चटणी उन्हात ठेवते ती ठेवतेच.

मंगळवार गेला. बुधवारी
एक घार इतकी वर होती की तीच निरभ्र वाटली.

गुरुवारी साडेचारला
सातपुड्याकडून एक ढग आला, एकटाच,
पत्ता विचारत आल्यासारखा.
मारुतीच्या पारापासून पडायला लागला.
शाळेच्या पत्र्याची एक बाजू वाजली,
दुसऱ्या बाजूखाली पोरं पाढे म्हणत राहिली.
दगाच्या विटांवर थेंब नाही.
देवमन अण्णांच्या वावरातही नाही,
बांधापर्यंत येऊन वळला म्हणतात, वासरासारखा.
पडला तो गायरानावर, उकिरड्यांवर,
स्मशानाच्या नव्या शेडवर,
आणि पंचायतीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, तिरपा.

बारा मिनिटं.

मी फळ्याकडे धावलो तोवर
शक्यता गटारीत गेली होती,
निरभ्र गेलं होतं, छत्तीस गेले होते,
आणि पाणीपट्टी, ती सुद्धा.
काळाभोर, ओला, घासल्या तव्यासारखा फळा.

हिलाल बापू आले. काठी रोवली.
वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं,
एक ओळ दोनदा वाचल्यासारखी वाटली.
“शे,” म्हणाले.
“शे रे भो, शे.”

शुक्रवारी पहाटे गार होतं.
रशीदच्या धनुकलीची तार कुठंतरी बोलत होती.
मी खडू ओला झाल्याचं सांगितलं,
पाणीपट्टीची ओळ सोमवारपर्यंत लिहिली नाही.